वाचक विचारतात : मनीचा डोळा काढायचाय, काय तयारी करू?

मागच्या अंकात आमच्या ठमीचा उल्लेख झाला होता, उजवा डोळा काढलेली आमची मांजर, आणि त्या एका ओळीवरून इतके मेल आलेत की यावेळचं अख्खं सदर याच विषयाला देतेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. वीसेक वर्षं घरात आणि गल्लीत मांजरं सांभाळतेय, तीन मांजरांची डोळा काढायची ऑपरेशनं जवळून बघितलीत, आणि औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते आमच्या नेहमीच्या व्हेट मॅडमकडून तपासून घेतलंय. तरी तुमच्या मांजराला हात लावून तपासणारा डॉक्टर जे सांगेल ते माझ्या उत्तराच्या वरचं समजा.

प्रश्न : ताई, आमची मनी पाच वर्षांची आहे. दिवाळीच्या सुमारास तिचा डावा डोळा लाल झाला, बोक्याशी भांडली असेल म्हणून ड्रॉप्स घातले, मग डोळा मोठा मोठा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले आतल्या सुजेमुळे काचबिंदू झालाय, प्रेशर ४८ आहे, त्या डोळ्याने तिला काहीच दिसत नाही, आता डोळा काढणं हाच उपाय. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलंय. मी रोज रडतेय. ती जेवते, चालते-फिरते, मग एवढं क्रूर करायची खरंच गरज आहे का? आणि करायचंच असेल तर घरी काय तयारी ठेवू? (धनकवडी, पुणे)

उत्तर : तुम्हाला त्याच दिवशी थोडक्यात उत्तर पाठवलं होतं, बाकीच्यांसाठी इथे नीट लिहिते.

क्रूरपणाचं आधी बोलू, कारण रडू त्याचंच येतंय. मांजराच्या डोळ्यातलं प्रेशर साधारण १० ते २५ असतं. ४८ म्हणजे आत सतत ठणका. माणसाला काचबिंदूचा अ‍ॅटॅक आला की डोकं फुटायची वेळ येते, उलट्या होतात, रात्री दोनला दवाखाना गाठावा लागतो. मनीला तेच होतंय, फक्त ती सांगत नाहीये. मांजर दुखणं दाखवत नाही, दुखणं घेऊन कपाटात जाऊन झोपतं. ती जेवते म्हणून तिला दुखत नाही असं धरून चालू नका. आठवून बघा, ती आता डाव्या गालावर हात फिरवू देते का, तुमच्या पायाला दोन्ही बाजूंनी डोकं घासते का, आधीइतकी खेळते का.

आमची ठमी फ्रिजवर चढायची बंद झाली होती, अंग चाटायची बंद झाली होती, पाठीवरच्या केसांच्या गाठी व्हायला लागल्या होत्या आणि आम्ही सगळे म्हणत होतो वय झालं तिचं. सात वर्षांची होती ती. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी साडेपाचला स्वयंपाकघरातून खुडबूड ऐकू आली, बघते तर दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, तो एवढुस्सा प्लॅस्टिकचा तुकडा, पंजाने उडवत उडवत फ्रिजखाली घालायचा आणि परत बाहेर काढायचा असं चाललेलं. वर्षभर तिने असं काही केलं नव्हतं. वय झालं नव्हतं हो तिचं, तिला दुखत होतं, आणि आमच्या लक्षात आलं नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं.

एक गोष्ट मनात पक्की धरा की तुम्ही तिचं बघणं काढून घेत नाही आहात, ते आधीच गेलंय. तुम्ही काढताय ते दुखणं. चेहरा कसा दिसेल याचं दुःख आपलं असतं, मांजराला आरशाशी काही देणंघेणं नाही.

आता तयारी. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना काही गोष्टी विचारा, लाजू नका, कागदावर लिहून न्या म्हणजे तिथे गेल्यावर घाबरून विसरायला होत नाही. पहिलं म्हणजे हे कशामुळे झालं. मांजरात काचबिंदू बहुतेक वेळा आपला आपण होत नाही, आत सूज नाहीतर गाठ असते आणि सुजेच्या मागे कधी कधी एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस), ल्युकेमियाचा व्हायरस, टॉक्सोप्लाझ्मा (एक परजीवी), एफआयपी (मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा आजार) असलं काहीतरी असू शकतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात. शिवाय भूल द्यायच्या आधी किडनी आणि लिव्हर बघावीच लागते, जास्त वयाच्या मांजराचं बीपीसुद्धा. दुसरं म्हणजे उजवा डोळा नीट तपासलाय का. आता सगळी भिस्त त्याच्यावर आहे, त्याचं प्रेशर किती, आत सूज आहे का हे आजच कळलं पाहिजे. तिसरं, काढलेला डोळा लॅबला पाठवणार का. याचे पैसे वेगळे पडतात आणि लोक इथे वाचवायला जातात, पण आत गाठ होती की नुसती सूज हे तिथेच कळतं आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं, त्यामुळे माझं मत विचाराल तर हे पैसे वाचवू नका.

आणि चौथं, डॉक्टरांनी मांजरांची अशी किती ऑपरेशनं केलीत. कुत्र्यांची नाही, मांजरांची. कारण असं की मांजराच्या डोळ्याची नस आखूड असते आणि दोन्ही डोळ्यांच्या नसा मागे जिथे एकत्र येतात तिथपर्यंत ओढ बसू शकते, डोळा काढताना जोर लागला तर चांगल्या डोळ्याची नजरसुद्धा जाऊ शकते. जाणकार सर्जन हे ओळखून असतो, अजिबात न ओढता हळूहळू सोडवतो. म्हणून हा प्रश्न विचारायला संकोच करू नका, चांगला डॉक्टर रागवत नाही.

दुखू नये म्हणून काय देणार हेही विचारा. भुलेबरोबर डोळ्याच्या मागे बधिर करायचं इंजेक्शन दिलं तर जाग आल्यावरचे पहिले काही तास बरेच सुसह्य जातात. ऑपरेशनमध्ये डोळ्याबरोबर आतली तिसरी पापणी आणि पापण्यांच्या कडा काढतात आणि वरची खालची कातडी एकत्र शिवून टाकतात, उघडी खोबण वगैरे राहत नाही. तुम्ही जे चित्र मनात आणून रडताय ना, तसं काही दिसत नाही. शिवलेली एक रेघ असते आणि आजूबाजूला भादरलेलं असतं.

कॅरिअर आजच माळ्यावरून काढा आणि हॉलमध्ये उघडा ठेवून द्या, आत तिची चादर टाका, म्हणजे गुरुवारी सकाळी धरपकड होणार नाही. धरपकडीत मांजर चवताळलं, डोकं आपटलं तर आधीच प्रेशर असलेल्या डोळ्याचं अजून वाईट होतं. फारच घाबरट असेल तर डॉक्टर आदल्या रात्री आणि निघायच्या दोन तास आधी द्यायला शांत करणारी कॅप्सूल देतात, विचारून घ्या. नखं चार दिवस आधी कापून ठेवा. आदल्या रात्री जेवण उशिरा पण नेहमीएवढं द्या, नंतर मोठ्या मांजराला साधारण सहा ते आठ तास उपाशी ठेवतात, नक्की वेळ डॉक्टर सांगतील तीच, पाणी मात्र निघेपर्यंत चालतं. घरात दुसरं मांजर असेल तर त्याचीही वाटी उचलून ठेवायची, आणि ओट्यावर झाकण नसलेलं काही नको. चुकून काही खाल्लं तर लपवू नका, सांगा, ऑपरेशन एक दिवस पुढे गेलेलं बरं, भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात गेली तर जीवावर बेततं.

घरी एक छोटी खोली रिकामी करा. पलंग असेल तर गादी खाली घ्या, कपाटावर चढायची वाट बंद करा. शी-शूचा ट्रे कमी काठाचा ठेवा आणि त्यात वाळू किंवा धुरळा उडणारं लिटर (ट्रेमध्ये टाकायचे विकतचे दाणे) नको, पहिले दहा-बारा दिवस फाडलेली वर्तमानपत्रं टाका, नाहीतर ती धूळ टाक्यांत जाते. खायला खोल वाटी नको, कॉलर आपटते, पसरट ताटली घ्या. आणि गळ्यातलं ते नरसाळं, ती कॉलर, आधीच आणून दोन दिवस थोडा थोडा वेळ घालून बघा. तारीख ठरवताना शेजारी लग्न, मिरवणूक, फटाके असं काही आहे का तेही बघून घ्या, गुंगीतल्या मांजराला ढोलाचा आवाज सहन होत नाही.

प्रश्न : परवा आमच्या सिंबाचा उजवा डोळा काढला. काल घरी आणला. त्याच बाजूच्या नाकपुडीतून गुलाबी पाणी येतंय, टाक्यांच्या जागी डोळा परत आल्यासारखं फुगलंय, कालपासून फक्त दोन घास खाल्लेत. बायको म्हणते कॉलर काढ, त्याला बघवत नाही. घरी लहान मुलांचं तापाचं सिरप आहे, दुखत असेल तर थोडं देऊ का? डॉक्टर फोन उचलत नाहीयेत. (ठाणे)

उत्तर : यांना मी लगेच फोन केला होता आणि पहिलं वाक्य हेच सांगितलं की ते सिरप देऊ नका. इथेही सगळ्यांना हात जोडून सांगते. तापाच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल असतं, क्रोसिन म्हणा काही म्हणा, मांजराचं शरीर ते पचवू शकत नाही, रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, हिरड्या निळ्या-तपकिरी पडतात आणि एका गोळीतसुद्धा मांजर जातं. कॉम्बिफ्लॅम, ब्रुफेन तसंच. चुकून दिलं गेलं असेल तर उलटी व्हायची वाट न बघता जो दवाखाना उघडा असेल तिथे पळा.

नाकातलं गुलाबी पाणी घाबरण्यासारखं नाही. आपण रडलो की नाक वाहतं ना, कारण डोळ्यातून नाकात उतरणारी एक बारीक नळी असते. मांजरातही ती आहे, त्यामुळे खोबणीत साचलेलं थोडं रक्त-पाणी त्या वाटेने दोन-चार दिवस येतं. थेंब थेंब, फिकट होत जाणारं असेल तर ओल्या कापसाने पुसून घ्या. लालभडक रक्त टपटप यायला लागलं तर मात्र थांबू नका.

सूजही पहिले दोन-तीन दिवस वाढते आणि मग ओसरते. काळंनिळं होतं. पहिले दोन दिवस, तो करू देत असेल तरच, रुमालात बर्फ गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा पाचेक मिनिटं शेजारी टेकवायचा, दाबायचं नाही. झटापट होत असेल तर सोडून द्या. टाक्यांना काही लावू नका, हळद नाही, तूप नाही, कोरफड नाही, डॉक्टरांनी मलम दिलं असेल तर तेवढंच.

खाण्याचं मात्र मी मनावर घ्यायला सांगितलं. मांजर, त्यातही जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते आणि तो आजार ऑपरेशनपेक्षा अवघड. भुलेमुळे आणि नाक भरल्यामुळे वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. चिकन नुसतं पाण्यात उकडून, कांदा-लसूण-मीठ काही न घालता, हाताला कोमट लागेल इतकं गरम करून बोटावर घेऊन नाकाजवळ धरा. मांजरांच्या ओल्या खाण्याचा पाऊच मिळतो, तो कोमट करून द्या. जेवताना समोर बसून कॉलर काढली तर चालते, जेवण झालं की लगेच घालायची. चोवीस तासात काहीच पोटात गेलं नाही तर दवाखाना, आणि एक महत्त्वाचं, मेलॉक्सिकॅमसारखं दुखण्याचं औषध दिलं असेल तर उपाशी पोटी, पाणी कमी पडलेल्या मांजराला विचारल्याशिवाय देऊ नका, किडनीवर येतं. पण मनाने बंदही करू नका. फोन करा, नाही उचलला तर दाराशी जाऊन बसा.

कॉलर. तुमच्या बायकोला माझ्याकडून सांगा की मला समजतंय. ठमीच्या सहाव्या दिवशी मीच काढली होती, किती केविलवाणी दिसतेय म्हणून, आणि दारावर गॅसवाला आला तेवढ्यात, दोन मिनिटांत, तिने मागच्या पायाने खाजवून दोन टाके उसवले. परत गुंगी, परत टाके, परत तिला त्या टेबलावर ठेवणं. त्या दोन मिनिटांच्या दयेपायी तिला जे सोसावं लागलं ते आठवलं की अजून कसंसंच होतं. दहा ते चौदा दिवसांनी टाके निघेपर्यंत कॉलर राहू द्या, विरघळणारे टाके असतील तरी डॉक्टर काढा म्हणेपर्यंत. खपलीला खाज येते तेच दिवस जास्त धोक्याचे.

दवाखान्यात कधी पळायचं? तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढली, पू आला, वास यायला लागला, टाक्यांमध्ये फट पडली, अंग तापलं किंवा तो कोपऱ्यात मलूल पडून राहिला तर. आणि कित्येक महिन्यांनी त्या जागी पाण्याने भरल्यासारखा फुगा आला तर तेही दाखवायचं, आत एखाद्या ग्रंथीचा तुकडा राहिला असेल तर असं होऊ शकतं, तो काढता येतो.

सिंबाने त्या संध्याकाळी अर्धी वाटी चिकन खाल्लं, तसा मेसेज आला.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. एसटी स्टँडमागे दीड-दोन महिन्यांचं पिल्लू सापडलंय, एक डोळा पूर्ण फुगून बाहेर आल्यासारखा, पांढरा-लाल, दुसऱ्याला चिपडं, शिंकतंय. मेडिकलवाल्याने डोळ्याचे ड्रॉप्स दिले, दोन दिवस घातले, जास्तच वाईट दिसतंय. इथे गुरांचे डॉक्टर आहेत, ते म्हणाले डोळा काढावा लागेल पण मी एवढ्या लहान पिल्लाचं करत नाही. पैसे जमवू शकतो थोडे. काय करू? (चिपळूण)

उत्तर : आधी ती बाटली बघ. नावात किंवा खाली बारीक अक्षरात डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असलं काही लिहिलंय का? असेल तर आत्ताच बंद कर. ते स्टिरॉइड असतं. पिल्लांच्या डोळ्यांना असं होण्याचं मोठं कारण म्हणजे मांजरांचा हर्पीस व्हायरस, त्याने बुबुळावर जखम होते, आणि जखमेवर स्टिरॉइड पडलं की ती भरत नाही, उलट बुबुळ विरघळत जाऊन फुटतं. माणसांच्या डोळे येण्यावरचे कितीतरी ड्रॉप्स असेच मिश्र असतात. मेडिकलवाल्याने चांगल्या मनाने दिले असतील, पण मांजराचा डोळा न तपासता कोणतेच ड्रॉप्स घालायचे नसतात.

त्याच गुरांच्या डॉक्टरांकडे परत जा. ऑपरेशन करत नसले तरी अँटिबायोटिक, डोळा ओला ठेवायचं मलम, सलाईन एवढं ते देतील, आणि तेवढ्याने पिल्लू प्रवासाला टिकेल. घरी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून चिपडं पुसायची, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस, म्हणजे वाचणारा डोळा तरी वाचेल. आपल्या सगळ्यांची धडपड त्या दुसऱ्या डोळ्यासाठी आहे हे लक्षात ठेव. घरात दुसरी मांजरं असतील तर वेगळी खोली, हात धुऊन मगच त्यांना हात लावायचा. हा हर्पीस माणसाला होत नाही. पण पिल्लाने चावा घेतला किंवा ओरबाडलं असेल तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घे, एवढुसं तर पिल्लू आहे म्हणून सोडू नकोस.

ऑपरेशन कुठे, तर पशुवैद्यक महाविद्यालयांचे दवाखाने. तिथे शिकवणारे सर्जन असतात आणि खर्च खासगी दवाखान्यांपेक्षा बराच कमी येतो. तुला कुंभार्ली घाटातून कराड आणि तिथून पुढे साताऱ्याच्या रस्त्याने शिरवळ जमेल, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. मुंबईत कोणी नातेवाईक असेल तर परळला १८८६ पासून चालू असलेलं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय. बाकीच्या वाचकांसाठी सांगते, नागपूर, परभणी, उदगीर इथेही अशी महाविद्यालयं आहेत. निघायच्या आधी फोन करून मांजराचं डोळ्याचं ऑपरेशन त्या दिवशी होतं का, कोणत्या वेळेला यायचं हे विचार, एवढ्या लांब जाऊन परत यायला नको.

तिथे गेल्यावर लगेच चिरफाड होईल असं नाही. आधी पिल्लाचं वजन वाढवायला, शिंका आणि ताप आटोक्यात आणायला औषधं देतील, डोळा फुटलेला असेल किंवा फार दुखत असेल तर लवकर करतील, तो निर्णय त्यांचा. लहान पिल्लं हे ऑपरेशन छान सोसतात, फक्त दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, साखर आणि ऊब. मोठ्या मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, अगदी दोन-तीन तास, तेही विचारून, नाहीतर रक्तातली साखर उतरते. बुटाच्या खोक्यात फडकी, बाटलीत कोमट पाणी भरून ती रुमालात गुंडाळून शेजारी, आणि खोक्याला भोकं. घाटात थांबून बघ पाय गार पडलेत का.

ज्याला डोळा असल्याचं पुरतं कळायच्या आत गेला, ते पिल्लू एका डोळ्यावरच जग शिकतं. आमच्या गल्लीतलं असंच एक आता चार वर्षांचं आहे, गच्चीच्या कठड्यावरून चालतं. ताकदीप्रमाणे जमव, आणि पैशांचं अडलं तर मला लिही, या सदराचे वाचक मागे कधी हटले नाहीत.

प्रश्न : आमच्या गौरीचा डोळा काढून दहा दिवस झाले. सासूबाई म्हणतात एकाक्ष मांजर घरात नको, सकाळी सकाळी तोंड बघायला नको, अपशकुन होतो. मला दोघींना सांभाळायचंय. (सोलापूर)

उत्तर : अपशकुन असं काही नसतं, हे माझं स्पष्ट मत, पण ते सासूबाईंना तोंडावर सांगून घरात दोन तट पडतील आणि त्यात गौरीचंच नुकसान. बऱ्याचदा शब्द अपशकुनाचा असतो आणि आत भीती असते. दहा दिवसांची ती शिवण, भादरलेला अर्धा चेहरा, काळे धागे, वयस्कर माणसाला बघवत नाही, आणि त्यांनी मुकाट्याने कितीतरी आजारपणं बघितलेली असतात. टाके निघू द्या. दोन-तीन महिन्यांत केस भरून येतात, मग डोळा मिटून बसल्यासारखीच दिसते. तोवर गौरीला तुमच्या खोलीत ठेवा, आणि सासूबाईंना एवढंच सांगा की तिला फार दुखत होतं, आता नाही दुखत. डोळ्यांचं, गुडघ्यांचं दुखणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

प्रश्न : आमच्या बोक्याला लहानपणी काहीतरी लागून डावा डोळा सुकून बारीक झालाय. आता तो नऊ वर्षांचा आहे, काही त्रास नाही. काढायची गरज आहे का? आणि काढलाच तर काचेचा बसवतात का? (नाशिक)

उत्तर : त्रास दिसत नसला तरी एकदा डोळ्यांचं बघणाऱ्या व्हेटला दाखवाच. मांजरांमध्ये एक वेगळाच प्रकार आहे, डोळ्याला, विशेषतः आतल्या भिंगाला मार लागला असेल तर कित्येक वर्षांनी त्याच सुकलेल्या डोळ्यात कॅन्सरची गाठ होऊ शकते. क्वचितच होते, पण झाली तर पसरते, म्हणून आंधळा आणि मार लागून सुकलेला डोळा काढून टाकावा असं बरेच डॉक्टर सुचवतात. नऊ वर्षं म्हणजे भुलेआधी किडनी, हृदय, बीपी सगळं बघून मग ठरवा. नाहीच काढायचं ठरलं तर सहा महिन्यांनी तपासणी, आणि डोळा अचानक मोठा, कडक किंवा वेगळ्या रंगाचा वाटला तर त्याच आठवड्यात. काचेच्या डोळ्याच्या भानगडीत पडू नका. खोबणीत गोळा बसवतात, पण मांजरांना त्याचा त्रास व्हायची शक्यता जास्त, आणि मांजराला त्याचा उपयोग शून्य.

प्रश्न : चिंगीचा डोळा काढून तीन महिने झाले. खाते, खेळते, पण ओट्यावर उडी मारताना कधी कधी कमी पडते आणि लटकते, मला धस्स होतं. आणि आमचा मोठा बोका राजा ती दवाखान्यातून आल्यापासून तिच्यावर फिसकारतो. (वसई)

उत्तर : दोन डोळ्यांनी अंतराचा जो अंदाज येतो तो एका डोळ्याने लगेच येत नाही. चिंगी उडीच्या आधी डोकं वरखाली, डावी-उजवीकडे हलवते का बघा, तेच तिचं मोजमाप आहे, डोकं हलवल्यावर जवळची वस्तू जास्त सरकते आणि लांबची कमी, त्यावरून ती अंतर ठरवते. आमच्या ठमीला हे जमायला चारेक महिने लागले, आधी ती ताटलीच्या अलीकडेच नाक टेकवायची, पाण्यात मिशा बुडवून मग कळायचं पाणी कुठे आहे ते. तिच्या मिशा कधीही कापू नका, आणि ती बसलेली असताना हाक मारून, तिला दिसणाऱ्या बाजूने जवळ जा. न दिसणाऱ्या बाजूने एकदम उचललं तर ओरबाडेल, तो राग नसतो, दचकणं असतं. गॅलरीला जाळी नसेल तर ती या आठवड्यात लावून घ्या, बाकी सगळं नंतर. बाहेर मोकळं सोडणं आता बंद, रस्त्यावरची गाडी त्या बाजूने आली तर तिला दिसणारच नाही.

राजाचं भांडण वासाशी आहे. दवाखान्याचा, औषधाचा वास घेऊन आलेली चिंगी त्याला परकी वाटली आणि ते तसंच राहून गेलं. एकाच फडक्याने आधी राजाचे गाल पुसा, मग चिंगीचे, मग परत राजाचे, दिवसातून दोनदा. काही दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवून बंद दाराच्या दोन बाजूंना एकाच वेळी जेवायला द्या, मग दार फटभर उघडा. राजा मुद्दाम तिच्या न दिसणाऱ्या बाजूने येत असेल तर त्याच्या गळ्यात छोटा घुंगरू बांधा, पट्टा ओढला की सुटणारा हवा.

आणि ओट्याशेजारी एक जुना स्टूल ठेवून द्या, वर खरखरीत गोणपाट बांधून, म्हणजे पाय घसरत नाही. जागा मात्र एकदा ठरवली की हलवायची नाही, झाडू मारतानाही परत तिथेच.